जुन्या स्विफ्टला स्ट्रट बार, लोअर ब्रेस आणि कडक स्प्रिंगा: पैसे घालावेत का?

घाटवेडा

गाडी २००७ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल. इंजिन ठणठणीत, पंधरा वर्षांनंतरचं पासिंगही करून घेतलंय. विकायची नाही, कारण येतील त्या पैशांत धड एक नवी बुलेटही यायची नाही. तक्रार एकच. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात एका वळणातून लगेच उलट्या वळणात शिरलं की गाडी आधी अंग टाकते आणि मग वळते. स्टिअरिंग आणि चाकं यांच्यात कुणी दलाल बसलाय की काय असं वाटतं.

माझं मत असं, की जुन्या मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) बॉडीला आधार दिलाच पाहिजे. पुढच्या दोन स्ट्रट टॉवरना (शॉकअपची वरची टोकं बॉडीला जिथे टेकतात त्या जागांना) जोडणारा बार, खाली लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बैठका जोडणारा ब्रेस, आणि जोडीला तीसेक मिलिमीटर खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा. लोक यालाच पोरखेळ म्हणतात आणि वर चार हजारांचे सीट कव्हर घालतात. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणं द्यावीत.

दहाचा पाना

कारणं गाडीच्या खाली आहेत, वाकून बघा. पुढची बाजू जॅकवर घ्या, लोअर आर्मच्या मागच्या रबरी बुशला टॉमी (छोटी पहार) लावून हलवा. एवढ्या जुन्या गाडीत मूळ बुश असतील तर रबर चिरलेलं दिसणारच. मग बोनेट उघडून टॉवरच्या टोकावर हात ठेवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. हाताला टक् करून झटका लागला तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग गेलं. तुमचा दलाल तोच.

बुश, माउंट, लिंक रॉड, लोअर आर्म चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट आणि चारही शॉकअप नवे टाका, अलाइनमेंट करा. मग बार लागतोय का ते बोला. आणि एक सांगून ठेवतो: बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले की गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. निम्म्या गॅरेजांत हे पाळत नाहीत आणि खापर पार्टवर फुटतं.

घाटवेडा

बुश मान्य. पण बुश बदलून गाडी फार तर २००७ सारखी होईल. मला त्याहून चांगली हवी आहे. शिवाय बॉडीचे स्पॉट वेल्ड इतकी वर्षं खड्डे खाऊन सैल होत नाहीत का?

तरफ

पत्रा गंजला नसेल आणि गाडी ठोकलेली नसेल तर वेल्डची फार काळजी नको. घरच्या घरी बघायची जुनी रीत आहे: पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि त्याच बाजूचं दार उघडून लावा. दार घासलं किंवा कुलपाची जीभ नीट बसेना, तर सांगाडा पिळतोय. सहज लागलं तर पैसे दुसरीकडे घाला.

आता बारचं. टायरवर बाजूचं बल येतं ते जमिनीलगत. खालचा बॉल जॉइंट तिथून जेमतेम वीतभर वर, स्ट्रटचं टोक पार बोनेटखाली. तरफेचा हिशेब मांडलात तर खालचा जोड वरच्याच्या तिप्पट-चौपट बल झेलतो. म्हणजे तुमच्या यादीतला लोअर ब्रेस शहाणपणाचा, आणि बोनेट उघडल्यावर चमकणारा वरचा बार बराचसा दागिना. त्यातही टोकांना पिनेवर फिरणारे तुकडे असलेला बार घेतलात तर तो टॉवरना जागच्या जागी वाकूच देतो. घ्यायचाच तर एकसंध घ्या.

कडक स्प्रिंगांना मात्र माझा ठाम विरोध, निदान तीस मिलिमीटर खाली बसवायला. मॅकफर्सन स्ट्रटची (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेली, तुमच्यासारखी) गाडी खाली आणली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर चढतं. गाडीच्या वजनाचा मध्य खाली येतो तीस मिलिमीटर, पण रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो) त्याहून जास्त घसरतं. दोघांतलं अंतर वाढलं म्हणजे गाडी कलंडवणारी तरफ लांबली. निम्मा कडकपणा ही नवी तूट भरण्यातच जातो.

कृष्णाकाठ

तरफ यांचं गणित मला अर्धंच कळलं, पण सुरूरपासून वर रोज ये-जा आमची असते. स्विफ्टला मुळात १७० मिलिमीटर क्लिअरन्स. पावसाळ्यानंतर गावागावांतले गतिरोधक आणि रस्ता-साइडपट्टीतली पायरी बघा, मग तीस मिलिमीटर कमी करा. मागे सासूबाई बसल्या असतील तर पहिल्याच खड्ड्यात निकाल लागेल.

कलमबहाद्दर

कुणी कायद्याचं बोलतच नाही! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. त्यानंतरच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या पासिंगला इन्स्पेक्टरने खाली वाकून बघितलं तर काय सांगाल?

घाटवेडा

चार बोल्टांचा बार काढायला दहा मिनिटं लागतात. आणि रस्त्यावर कानठळ्या बसवणारे सायलेन्सर मोकाट फिरतात, त्यांना आधी पकडा की.

कलमबहाद्दर

दुसरा सुटला म्हणून तुम्ही सुटता असं कुठल्या कलमात आहे? पोलीस सोडा, विम्याचं बघा. न कळवलेला बदल सापडला की सर्व्हेअरला आयतं कारण मिळतं.

धुरळा

घाटवेडांच्या बाजूने कुणीच नाही म्हणून लिहितोय. रॅलीवाल्यांनी जुन्या एस्टीम आणि जिप्सी वर्षानुवर्षं पळवल्या, त्या नुसत्या बुश बदलून नाही. सीम वेल्डिंग (पत्र्यांच्या जोडांवर सलग वेल्ड), रोल केज (आतून नळ्यांचा पिंजरा), सगळा सांगाडा बांधून घेतात, कारण सांगाडा वाकत असेल तर शॉकअपचं सेटिंग कितीही नेमकं करा, फुकट. तत्त्व बरोबर आहे.

तरफ

तत्त्व बरोबर, प्रमाण चुकतंय. रॅलीच्या स्प्रिंगांचा ताण कुठे आणि घाटातली तुमची पन्नासची गती कुठे. मूळ स्प्रिंगांवर तो सांगाडा पुरेसा ताठ आहे. बांधणी वाढवायला कारण आधी कडक स्प्रिंगा पैदा करतात.

दहाचा पाना

टायर राहिले की! घाटवेडा, तुमच्याकडे १६५/८० आर १४ आहेत का? वरच्या मॉडेलला त्याच १४ इंची रिमवर १८५/७० यायचे. बाहेरचा व्यास जेमतेम पाच मिलिमीटरने कमी, स्पीडोमीटरला कळणारही नाही. बाजूची भिंत बुटकी, रबर रुंद. अंग टाकणं तिथेच बरंच कमी होईल, आणि कलमबहाद्दरांनाही फार बोलता येणार नाही.

घाटवेडा

हो, १६५ च आहेत, आणि पाच वर्षांचे. ठीक आहे: टायर, बुश, माउंट, मूळ उंचीचे चांगले शॉकअप. स्प्रिंगा रद्द. पण ब्रेस बसवणार, आणि वरचा एकसंध बारही, कारण तो मागवून झालाय. दागिना तर दागिना.

तरफ

मग सगळं एका दिवशी बसवू नका, नाहीतर फरक टायरने पडेल आणि श्रेय बार खाईल. आधी रबराची कामं, महिनाभर तोच घाट, मग ब्रेस.

दहाचा पाना

आणि बारसुद्धा गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी असताना बसवा. भोकं जुळेनात म्हणून टॉमी लावून ओढायची वेळ आली तर थांबा. एकतर बार वाकडा आहे, नाहीतर तुमची गाडी कधीतरी ठोकलेली आहे.