शाळेच्या भिंतीवर आईन्स्टाईन की फॅरेडे? माझं मत फॅरेडेला

सातारचा मास्तर:
मंडळी, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेची भिंत रंगवायचीय, एकाच शास्त्रज्ञाचं मोठं चित्र काढायचं ठरलंय आणि सगळे म्हणतायत आईन्स्टाईन, कारण त्याचे केस पोरं लांबनं ओळखतात. माझा स्पष्ट विरोध आहे. आईन्स्टाईन मोठाच, 1905 साली एका वर्षात त्यानं जे लिहिलं ते वाचून आजही अंगावर काटा येतो, पण आठवीच्या पोराला त्यातलं हातानं करून बघता येईल असं काय आहे? फॅरेडेचं येतं. लोहाराचा पोरगा, शाळा जेमतेम, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करता करता तीच पुस्तकं वाचून शिकला. 1831 च्या ऑगस्टमध्ये त्यानं सहा इंचाच्या लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली, एकीला बॅटरी, दुसरीजवळ करंट दाखवणारी चुंबकसुई. बॅटरी जोडताना सुई हलली, तोडताना परत हलली आणि मधे गप्प. ते मधलं गप्प राहणं त्यानं पकडलं, तिथंच सगळं आहे. नुसता करंट चालू असून भागत नाही, काहीतरी बदलत राहायला पाहिजे तरच दुसऱ्या तारेत वीज येते. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आणि डोंगरातनं पलीकडं पोफळीला उतरणारं कोयनेचं पाणी, दोन्हीकडं तेच चाललंय, चुंबक आणि तार एकमेकांपुढं फिरवत ठेवायचं. आमच्या पोरांच्या घरातला बल्ब त्यावर लागतो मग चित्र दुसऱ्या कुणाचं कशाला?

सांगली इंजिनिअरिंग थर्ड इयर:
सर, आदर ठेवून सांगतो, अजिबात पटलं नाही. फॅरेडेची गोष्ट सांगताना 'त्याला गणित येत नव्हतं तरी तो मोठा झाला' हे वाक्य हमखास येतं आणि आमच्याकडची पोरं तेवढंच उचलतात. माझ्या वर्गातले निम्मे जण गणिताला घाबरून सायन्स सोडून गेले. भिंतीवर मॅक्सवेल काढा. फॅरेडेनं चुंबकाभोवती मनात ज्या रेषा बघितल्या त्या मॅक्सवेलनं समीकरणात बसवल्या, आणि 1860 च्या दशकात वीज-चुंबकाच्या मोजमापांवरून त्यांच्या लहरींचा वेग काढला तर तो प्रकाशाच्या वेगाला येऊन भिडला, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. म्हणजे प्रकाश हीच ती लहर! कुठलाही दिवा न लावता, कागदावर. हर्ट्झनं त्या लहरी प्रयोगात दाखवल्या 1887 च्या सुमारास, तोवर मॅक्सवेल जाऊन आठ वर्षं झालेली. तुम्ही ज्या मोबाईलवर हे टाईप केलंत तो त्याच लहरींवर चालतोय. हातानं करता येतं तेच मोठं असं पोरांना शिकवणं मला धोक्याचं वाटतं.

मिरजेची ताई:
दोघांचंही वाचलं. माझी लेक सहावीत आहे, तिच्या पुस्तकातले, वर्गातल्या तक्त्यावरचे सगळे दाढीवाले नाहीतर कोटवाले बाबा. अणूवर काम करणारी शास्त्रज्ञ लिझ माइटनर का नको? हिटलरच्या राज्यातून 1938 मध्ये जवळजवळ मोकळ्या हातानं निसटली, बर्लिनला राहिलेल्या सहकाऱ्यानं प्रयोगाचे निकाल पत्रातनं कळवले आणि हिनं स्वीडनमध्ये भाच्याबरोबर बर्फातनं चालता चालता हिशोब मांडला की युरेनियमचा अणू फुटतोय आणि एवढी ऊर्जा कुठनं येतेय. नोबेल मिळालं त्या सहकाऱ्याला एकट्याला. मुलींना हे कुणी सांगतच नाही, मेरी क्युरी सांगितली की संपलं.

सातारचा मास्तर:
ताई, माइटनरचं अगदी मान्य, तिच्यावर मी या वर्षी एक तास घेणार. पण चित्रासाठी मला पोरानं उद्या सकाळी करून बघण्यासारखं पाहिजे, अणू फोडून दाखवता येत नाही. आणि इंजिनिअर बाळा, एक गोष्ट तू सोडलीस. 1857 मध्ये फॅरेडेनं, तेव्हा तो 66 वर्षांचा होता, मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं होतं की तुम्ही गणितवाले तुमचे निष्कर्ष आमच्यासारख्यांना समजतील अशा साध्या भाषेत पण का लिहीत नाही, म्हणजे आम्हाला त्यावर प्रयोग करता येतील. माझ्या वर्गातली पोरं डोळ्यांनी रोज हेच विचारत असतात.

विट्याचा वायंडर:
मास्तर मी सायन्सवाला न्हाई, दहावीनंतर मोटर भरायच्या दुकानात लागलो, आता सोताचं दुकान हाय. उन्हाळ्यात बोअरच्या जळालेल्या मोटरी रांगेनं येत्यात. जळकी वायर काढताना एका कॉईलचे फेरे मोजावं लागत्यात, गेज म्हंजी वायरची जाडी बघावी लागती, मग तेवढेच फेरे भरायचे, कागद घालायचा, वार्निश मारायचं. फेरे कमी पडले की मोटर अँपिअर जादा खाती, गरम होती आन् महिन्यात परत दारात. आता सांगायची गोष्ट ही की मोटरच्या आतल्या फिरत्या भागाला, रोटरला, बाहेरनं एकबी वायर जोडलेली नसती. नव्या पोराला म्हणतो सांग हा फिरतोय कशावर, तर घंटाभर बघत बसतो. स्टेटर म्हंजी बाहेरचा थांबलेला भाग, त्यातला चुंबकाचा जोर गोल फिरतो आन् रोटरमध्ये आपोआप करंट तयार होतो, मास्तर म्हणत्यात तेच. अन् फॅरेडेला इनॅमलची, म्हंजी वरनं लेप दिलेली वायर बी मिळाली नव्हती, सुतळी आन् कापडाच्या पट्ट्या मधे घालून गुंडाळलीया त्यानं. ज्यानं एक कॉईल हातानं भरलीया त्यालाच कळंल ते किती किचकट काम हाय. माझं मत फॅरेडेला.

सांगली इंजिनिअरिंग थर्ड इयर:
दादा तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं, आम्हाला लॅबमध्ये रोटरचं असं कुणी दाखवलं नव्हतं. पण फेरे कमी झाले की करंट जास्त का लागतो, याचं उत्तर समीकरणच देतं ना? व्होल्टेज तेवढंच आणि फेरे कमी, मग प्रत्येक फेऱ्यामागं चुंबकाचा जोर वाढवावा लागतो, त्यासाठी करंट वाढतो. तुम्ही रोज जे मोजता ते गणितच आहे, तुम्ही त्याला गणित म्हणत नाही एवढंच. म्हणून मी मॅक्सवेलवर ठाम आहे.

कराडचा आजोबा:
एवढ्या चर्चेत रामन कुणाला आठवला नाही याचं वाईट वाटलं. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन कशाचा करता मग? 1928 ला कलकत्त्यात बसून, साध्या साधनांवर प्रकाश विखुरण्याचं काम केलं, 1930 ला नोबेल.

मिरजेची ताई:
आजोबा बरोबर आहे, फक्त रामनबरोबर त्यांचे सहकारी कृष्णन यांचंही नाव घ्या, त्या प्रयोगांत रात्रंदिवस तेच होते.

विट्याचा वायंडर:
इंजिनिअर भावा, तू सांगितलंस ते ध्यानात आलं, पंधरा वर्षं नुस्तंच मोजत होतो. मास्तर, चित्र कुणाचं बी काढा, रविवारी माझं दुकान बंद असतंय, पोरं घिऊन या. पाच एचपीची एक जळकी मोटर उघडून ठेवतो, फेरे पोरांनी मोजायचे. आन् भावा तू बी ये, सांगली काय लांब न्हाई, ते समीकरण मोटरशेजारी खडूनं फरशीवर लिहून दाखव.