मदत हवी आहे: माशांसाठी म्हणून धरणातून पाणी सोडतात का आपल्याकडे?

नमस्कार मंडळी. मी कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला राहते. इथल्या कोलोरॅडो नदीवर १९८८ पासून एक करार चालू आहे: पाइकमिनो, हम्पबॅक चब, बोनीटेल आणि रेझरबॅक सकर हे चार मासे वाचवायचे, पण शेतीचं पाणी तोडायचं नाही. खर्च केंद्र, राज्यं, पाणी वापरणारे आणि जलविद्युतचं उत्पन्न यांतून. गावाजवळच्या १५ मैलांच्या पट्ट्यात उन्हाळा सरताना पाणी फार खाली जातं, कारण वरच पाट ते उचलतात. मग वरच्या धरणांतून माशांसाठी पाणी सोडतात. गनिसन नदीच्या बंधाऱ्यावर माशांची शिडी आहे, म्हणजे मासे बंधारा ओलांडून वर जावेत म्हणून केलेली वाट. तिथे मासे हाताने निवडून फक्त मूळचे इथलेच वर सोडतात, आपण तांदूळ निवडतो तसे!

भाऊ गावच्या पाणी वापर संस्थेत आहे. फोनवर म्हणाला, "ताई, आमचंच आवर्तन शेवटच्या शेताला पोचत नाही, तू मासे काय सांगतेस?" त्याचं खोटं नाही.

तरी विचारते. महाराष्ट्रात असं कुठे लेखी ठरलंय का? पैसे कोण भरतं? जलसंपदा खात्यात काम केलेलं कुणी असेल तर एखादा शासन निर्णय पाठवा. कृष्णाकाठचा असला तर फारच बरं.