वेड्रॉइड हा एमुलेटर नव्हे

लिनक्सवर अँड्रॉइडची ॲप चालवणारा वेड्रॉइड म्हणजे आणखी एक एमुलेटर, असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. एमुलेटर संपूर्ण यंत्राची नक्कल करतो. वेड्रॉइड मात्र लिनक्सचाच कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरून अँड्रॉइडला एलएक्ससी कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच प्रणालीतील एका वेगळ्या कप्प्यात, चालवतो; प्रोसेसरची नक्कल करत नाही. त्यामुळे ज्या ॲपमधील नेटिव्ह लायब्ररी (थेट प्रोसेसरसाठी बांधलेले भाग) केवळ एआरएमसाठी, म्हणजे फोनमध्ये सहसा असणाऱ्या प्रोसेसरसाठी, बांधलेल्या असतात, ते इंटेलच्या संगणकावर भाषांतर करणाऱ्या वेगळ्या थराशिवाय चालत नाही, आणि प्रचलित थर मुक्त स्रोत नाहीत.

ॲपचा स्रोत (सोर्स कोड) हाती असेल तर फ्लटर बरे; एकाच कोडमधून अनेक प्रणालींसाठी ॲप बनवणारे हे गूगलचे साधन. 2022 मधील तिसऱ्या आवृत्तीपासून त्याचा लिनक्स व मॅकओएससाठीचा आधार स्थिर मानला जातो. ठाण्यातील आमच्या सोसायटीचे पाहुण्यांच्या नोंदीचे ॲप मी असेच फाटकावरच्या जुन्या संगणकावर नेले. ॲपचे पडदे (स्क्रीन) एका संध्याकाळीत उभे राहिले, परंतु फ्लटरचे अधिकृत कॅमेरा प्लगइन (कॅमेरा वापरू देणारा जोडभाग) लिनक्सवर चालत नसल्याने क्यूआर वाचन अडले. अखेर यूएसबी स्कॅनर जोडला. संगणक त्याला कीबोर्डच समजतो, म्हणून मजकुराची एक चौकट पुरली. रुंद पडद्यासाठी मांडणी बदलण्यात मात्र दोन रविवार गेले.