अकाली गेलेल्या काकांची तिथी, टाक आणि काचेला चिकटलेला फोटो

पाचगावकर
नमस्कार मंडळी. आमचे धाकटे काका 1987 साली, वयाच्या 21 व्या वर्षी अपघातात गेले. लग्न झालं नव्हतं. आजीच्या ट्रंकेत त्यांचा एकुलता एक फोटो, जरीचा फेटा आणि चावीचं एचएमटी घड्याळ मिळालं. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. आजी असेपर्यंत तीच सगळं करायची, आता तिथी कुणालाच आठवत नाही. दाखल्यावर फक्त तारीख आहे. तिथी कशी काढायची आणि म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्ध) कधी घालायचा? देव्हाऱ्यात त्यांचा टाक (पूजेसाठीची उठावाची आकृती असलेला चांदीचा पत्रा) बसवता येतो का? आणि फोटो सोडवायचा कसा?

तिथीपंचांग
तारखेवरून तिथी काढताना लोक दोन ठिकाणी चुकतात.

पहिली चूक वेळेची. तिथी मध्यरात्री बदलत नाही, दिवसात कधीही बदलते, आणि धरायची ती प्राण गेले त्या वेळेची. दुपारी दोनला सप्तमी संपून अष्टमी लागली असेल तर नुसत्या तारखेवरून काहीच ठरत नाही. अपघात होता, म्हणजे पंचनामा आणि शवविच्छेदनाचे कागद झाले असणार. ट्रंकेत त्यांची नक्कल आहे का बघा, वेळ त्यातच सापडते. मग शके 1909 चं पंचांग काढा. गुढीपाडव्याआधी गेले असतील तर 1908 चं.

दुसरी महिन्याची. मोबाइलवरची काही पंचांगं उत्तरेकडचे पौर्णिमान्त महिने दाखवतात. शुक्ल पक्षात फरक पडत नाही, पण वद्य पक्षात नाव एक महिना पुढचं दिसतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्यातली, तिकडे ती भाद्रपदात. तसंच उतरवून घेतलं तर श्राद्ध महिनाभर उशिरा होतं.

वर्षश्राद्ध त्या तिथीला करा. म्हाळ मात्र भाद्रपद वद्य चतुर्दशीला, कारण अपघातात गेलेल्यांसाठी तीच तिथी धरतात. वेळ सापडलीच नाही तर सर्वपित्री अमावास्या आहेच. पुतण्यानं केलं तरी चालतं. संकल्पात ‘पितृव्य’ म्हणून नाव आणि गोत्र घ्यायचं. गुरुजींना अविवाहित होते हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ओघात ‘सपत्नीक’ म्हटलं जातं.

चांदीकाम
टाक बसवता येतो, पण आधी भावकीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा. काही घरांत अविवाहितासाठी वेगळा टाक करतात, काही घरांत पूर्वजांच्या एकाच टाकात सगळे धरतात. कुळाचार मोडून बसवू नका.

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, किंवा हुपरीला करून मिळेल. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून आकृती उठवतात, मागं तांब्याचा पत्रा लावून कडा मुडपतात. आकृती ठशातलीच येते, चेहरा काकांचा येणार नाही. ही अपेक्षा घरात आधीच स्पष्ट करा, नंतर वाईट वाटतं. चांदीचं वजन मागचा पत्रा लावण्याआधी करून घ्या, नाहीतर तांबं चांदीच्या भावानं जातं. कड नखानं तपासा. फट राहिली तर अभिषेकाचं दूध आत शिरतं आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. आत लाख भरली असेल तर गरम पाणी वर्ज्य, लाख मऊ होऊन पत्रा दबतो. चिंचेनं रोज घासू नका, नाकडोळे झिजून सपाट होतात.

जुनी छायाचित्रं
फोटो सोडवूच नका! ओल्या हवेत कागदावरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढला की चेहराच काचेवर राहतो. वाफ, पाणी, ब्लेड, हेअर ड्रायर, काहीही नको.

काचेसकट फ्रेममधून काढा, काच बाहेरून कोरड्या मऊ फडक्यानं पुसा आणि काचेची बाजू खाली ठेवून 600 डीपीआयला स्कॅन करा. फोटो साधारण 3.5 × 5 इंच असेल तर 2100 × 3000 पिक्सेल मिळतात, त्यातून 7 × 10 इंचाची प्रत नीट येते. स्कॅन धूसर आला तर कॅमेरा सरळ समोर ठेवून दोन्ही बाजूंनी तिरका उजेड द्या, फ्लॅश नको.

हार, गंध, निरांजन प्रतीला. मूळ फोटो काचेसकट आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटात आडवा ठेवा.

पाचगावकर
खूप आभार. नव्या प्रतीची फ्रेम करताना काही पाहायचं का? आणि फेटा, घड्याळ?

जुनी छायाचित्रं
प्रत आणि काच यांच्यात जाड पुठ्ठ्याचा माउंट घाला, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही. बाहेरच्या भिंतीवर लावू नका; आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये ती भिंत आतूनही ओल धरते. ताज्या फुलांचा हार संध्याकाळी उतरवा.

फेटा प्लास्टिकच्या पिशवीत नको. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, दर तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जर घडीवर तुटते. डांबरगोळी जरीजवळ नको, जर काळी पडते. वेखंडाची पुरचुंडी पुरते. पावसाळा सरला की सावलीत दोन तास वारा द्या.

घड्याळाला आठवण म्हणून रोज चावी देण्याचा मोह आवरा. इतक्या वर्षांत आतलं तेल सुकलेलं असतं, तसंच चालवलं तर दाते झिजतात. आधी सर्व्हिसिंग करून घ्या. चामड्याचा पट्टा असेल तर काढून वेगळा ठेवा, बुरशी तिथूनच सुरू होते.