दादाच्या दुकानाची जाहिरात : तीन लाख घालावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमधल्या ट्रॉयला राहते, पण प्रश्न सांगलीतल्या दादाच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानाचा आहे. बाबांपासूनचं गिऱ्हाईक, स्वस्तातला माल. तीन वर्षांत विक्री निम्म्यावर आली. 'लोक आपल्याला सेलचं दुकान समजतात, ती ओळख पुसायची' हे दादाने मनावर घेतलंय. दिवाळीआधी दोन मोठी होर्डिंग, रेडिओ आणि एक देखणी फिल्म करायची म्हणतो. पैसे वहिनीची एफडी मोडून येणार आहेत, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

माझ्या भीतीला कारण आहे. इथे बिग बीव्हर रोडवर केमार्ट या स्वस्तातल्या दुकानांच्या अमेरिकी साखळीचं मुख्यालय होतं. केमार्ट, वॉलमार्ट आणि टार्गेट, तिघांचीही पहिली दुकानं १९६२ सालची. दुकानात निळा दिवा लागला की तेवढ्या वेळापुरती एखाद्या वस्तूवर सूट, ही केमार्टची १९६५ पासूनची खूण. १९९० मध्ये वॉलमार्ट विक्रीत पुढे गेलं. २२ जानेवारी २००२ ला केमार्टने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्यांची २,१०० हून जास्त दुकानं होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत नव्या जाहिराती आल्या, त्याही स्पाइक ली या नामवंत सिनेदिग्दर्शकाने केलेल्या. साध्या घरांतले साधे क्षण दाखवून कंपनीबद्दलचं मत बदलायचं होतं. पण दुखणं गोदामात होतं. माल वेळेवर फळीवर पोचत नव्हता. जाहिरात बघून आलेल्याला वस्तूच मिळाली नाही तर तो पुन्हा कशाला येईल? त्या वर्षी २८४ दुकानं बंद करायचं जाहीर झालं, पुढच्या वर्षी आणखी ३२६.

तरी 'जाहिरात नकोच' असंही म्हणवत नाही. २००१ मध्ये याच कंपनीने रविवारच्या पेपरातली पत्रकं कमी केली आणि विक्री पडली. कुठली वस्तू केवढ्याला, एवढंच त्यात असायचं, पण लोक ते वाचूनच येत होते.

मे महिन्यात दादाकडे गेले होते. शर्टांत ३८ आणि ४४ चे ढीग, ४० आणि ४२ नाहीच. ट्रायल रूममध्ये खोकी रचलेली. हे होर्डिंगने कसं झाकणार?

जिल्ह्याच्या गावात दुकान चालवणाऱ्यांनी कृपया सांगा. आधी तुटलेले साइज भरावेत की जाहिरात? आणि दादाला समजवायचं कसं? 'तिकडे बसून तुला काय कळतं' हे उत्तर ठरलेलं आहे.

प्रतिसाद १

ताई, माझं कराडला होजिअरीचं दुकान आहे. दादांना समजवायला जाऊ नका, एक वही ठेवायला सांगा. काय मागितलं आणि नव्हतं, तेवढंच पंधरा दिवस लिहायचं. आमच्या वहीत एका आठवड्यात एकोणीस गिऱ्हाइकं रिकाम्या हातांनी गेलेली निघाली. ते वाचून मी फ्लेक्सचा बेत सोडला आणि आधी साइज भरले. मग पॅम्प्लेट काढलं, पण वस्तू आणि भाव छापून.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. संध्याकाळी गल्ल्यावर वहिनी बसते, तिलाच आज वही घ्यायला सांगते. खोकी मात्र अजून डोक्यातून जात नाहीत. गोदाम नसलेल्या दुकानात तुम्ही ती कुठे ठेवता?