सियासिया: आधी स्ट्रायकर सांगू की कोच?

घोरपडीकर: कॅम्पात 14 वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. त्यांना नायजेरियाच्या सॅमसन सियासियाबद्दल सांगायचंय. सुरुवात कुठून करू?

रास्तापेठी: कोचपासून. 1994 च्या वर्ल्डकपमध्ये त्याने अर्जेंटिनाला 8 व्या मिनिटाला गोल मारला, कीपरच्या डोक्यावरून अलगद. पण अर्जेंटिनाच्या कॅनिजियाने दोन मारून सामना फिरवला. खरी कमाई पुढची, कोच म्हणून. 2005 ला 20 वर्षांखालची टीम वर्ल्डकप फायनलला नेली, तिथे अर्जेंटिनाच्या मेस्सीच्या दोन पेनल्टींनी हरली. 2008 ला बीजिंगमध्ये रौप्य, 2016 ला रिओत कांस्य. दोन ऑलिंपिक पदकं, राव!

कोंढव्याची ताई: बीजिंगची फायनलही अर्जेंटिनाशीच, दादा. डी मारियाचा एकमेव गोल. फार वाईट वाटलं होतं.

घोरपडीकर: आणि बंदीचं? पोरं मोबाइलवर शोधणारच.

रास्तापेठी: लपवू नकोस. मॅच-फिक्सिंग प्रकरणात 2019 ला फिफाने आजीवन बंदी घातली, 2021 ला क्रीडा लवादाने ती 5 वर्षांवर आणली. एवढंच सांग, वकिली करू नकोस.

घोरपडीकर: पटलं. पण रविवारी प्रॅक्टिसनंतर आधी तो 1994 चा गोल दाखवतो. आमचे फॉरवर्ड कीपर पुढे आला की डोळे मिटून जोरात मारतात.