इसब आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला वरचे अन्न कसे सुरू करावे?

प्रश्न (जुळे सोलापूर येथील एक आई)

माझी मुलगी साडेसहा महिन्यांची आहे आणि अजून अंगावर पिते. अडीच महिन्यांची असल्यापासून तिला इसब आहे. आधी गाल लाल होऊन खरखरीत झाले, मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत चट्टे आले, आणि पारा 42 अंशांच्या पुढे गेल्यापासून मानेच्या घडीतही ओल सुटू लागली आहे. रात्री ती झोपेत गाल उशीला घासत राहते आणि सकाळी अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात.

उष्टावणाला तिच्या मामाने चांदीच्या वाटीतली तांदळाची खीर चमच्याच्या टोकाने तिला चाटवली. दहा मिनिटांच्या आत ओठांभोवती गांधी उठल्या, डाव्या डोळ्याची पापणी सुजली आणि तिला दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी त्वचेवरची चाचणी केली, तेव्हा दूध आणि अंडे यांना मोठी गांध आली आणि शेंगदाण्याला अगदी लहान. तिला वरचे दूध पूर्ण बंद करा आणि अंडे व शेंगदाणे यांबद्दल पुढच्या भेटीत ठरवू, असे त्यांनी सांगितले आहे.

घरी मात्र वर्ज्य पदार्थांची यादी रोज वाढते आहे. सासूबाईंचा नातीवर फार जीव आहे. त्या काळजीपोटीच वांगे, हरभराडाळ, शेंगदाणे, लिंबू आणि गहू मलाही बंद करायला सांगतात. गेले अठरा दिवस मी भात, मुगाचे वरण आणि दोडका यांवर आहे. माझे तीन किलो वजन उतरले, तरी मुलीचे इसब जराही कमी झालेले नाही. आमच्या घरी कुटाशिवाय भाजी होत नाही आणि दर रविवारी उखळात शेंगदाण्याची चटणी कुटली जाते. तिला अन्न कोठून सुरू करावे, शेंगदाणे किती दिवस लांब ठेवावेत, दुधाऐवजी काय द्यावे आणि मी स्वतः काय खावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (विजापूर रस्ता, मुलगा आता चार वर्षांचा)

ताई, तुमचा प्रश्न वाचताना मला आमचेच ते दिवस आठवले. आम्हीही आधी ताटातले एकेक पदार्थ कमी करत गेलो आणि त्वचेकडे सगळ्यांत शेवटी वळलो. हा क्रम उलटा असायला हवा होता, हे मला सात महिने वाया गेल्यावर कळले.

आमच्याकडे बाळाला शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाने मालिश होत असे आणि नंतर डाळीचे पीठ दुधात कालवून अंगाला लावले जाई. पुण्याच्या ॲलर्जीतज्ज्ञांनी समजावले, की इसबाची त्वचा ठिकठिकाणी उघडी असते. अशा त्वचेतून शेंगदाणा, हरभरा किंवा दूध शरीरात शिरले, तर शरीर त्या पदार्थाला अन्न न समजता शत्रू समजायला शिकते. तोच पदार्थ तोंडावाटे आतड्यात गेला, तर तो सहन करायला शिकण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे आम्ही जे मुलाच्या तोंडाला लागू देत नव्हतो, तेच रोज सकाळी त्याच्या सोललेल्या अंगाला चोळत होतो. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडले होते.

आम्ही पुढे जे केले ते सविस्तर लिहिते. आंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत आटोपायची. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण लावतो आणि आणखी चोळतो. आम्ही साबण सोडून डॉक्टरांनी दिलेले सौम्य द्रव्य, तेही फक्त मळलेल्या जागी, वापरू लागलो. आपल्याकडचे टॉवेल चांगले जाड असतात, पण नव्या टॉवेलला खळ असते, म्हणून तो दोन-तीनदा धुतल्यावरच वापरावा आणि अंग न पुसता नुसते टिपावे. अंग किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचे जाडसर मलम डोक्यापासून पायापर्यंत लावायचे आणि रात्री झोपताना पुन्हा लावायचे. अर्धा किलोचा डबा आम्हाला महिनाभरही पुरत नसे, यावरून प्रमाण लक्षात येईल.

स्टेरॉइडच्या मलमाला मी फार घाबरत होते. चट्टा जरा फिका पडला की मी ते थांबवत असे आणि चार दिवसांत इसब पुन्हा पेटत असे. डॉक्टरांनी माझ्याच बोटाच्या शेवटच्या पेरावर मलमाची रेघ काढून दाखवली आणि एवढे मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते, असे सांगितले. सौम्य मलम, ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस, आणि मग हळूहळू कमी करत जाणे, असे केल्यावरच मुलगा रात्रभर झोपू लागला. एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले, तीन औषधे एकत्र असलेले मलम मात्र आम्ही त्याआधी दहा दिवस चेहऱ्यावर लावले होते. त्यात तीव्र स्टेरॉइड होते आणि गालाची त्वचा पातळ होऊन बारीक शिरा दिसू लागल्या होत्या. असे मलम कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. तुमच्या मुलीच्या मानेला ओल सुटते आहे, तर तेथे जंतुसंसर्ग नाही ना, हे याच आठवड्यात दाखवून घ्या. खासगी खर्च झेपत नसेल, तर वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग आणि बालरोग हे दोन्ही विभाग आहेत.

उत्तर 2 (आहारतज्ज्ञ, सोलापूर)

मी लहान मुलांच्या आहाराचे काम करते. मुलीच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानून पुढचे वाचावे.

पहिली गोष्ट तुमच्या स्वतःच्या ताटाची आहे. मुलीला खीर थेट चाटल्यावर त्रास झाला, पण त्याआधी सहा महिने तुम्ही दूध-दही खात असताना अंगावर पिऊन तिला तसा त्रास कधी झाला नसेल, तर तुम्ही दूध सोडण्याचे सहसा कारण नाही. त्वचेचे उपचार नेमाने करूनही इसब आटोक्यात येत नसेल, तरच डॉक्टर आईच्या आहारातले दूध दोन ते चार आठवडे बंद करून पाहायला सांगतात. त्यानंतर ते पुन्हा सुरू करून फरक तपासायचाच असतो, कारण नुसते बंद केल्याने काही सिद्ध होत नाही. त्या काळात आईला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावे लागते. वांगे, लिंबू, गहू आणि हरभराडाळ सोडण्याला तुमच्या सांगण्यात मला कोणताच आधार दिसत नाही. कृपया उद्यापासून पोटभर जेवा. तुमच्या अंगावर पिणे हाच अजून तिचा मुख्य आहार आहे.

मुलीला सुरुवात तांदळाच्या किंवा नाचणीच्या पाण्यात शिजवलेल्या पेजेने करा. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून दूध बंद असलेल्या घरात ती फार उपयोगी पडते. नाचणी घरी निवडून दळलेली असावी, कारण विकतच्या तयार पिठांत दूध पावडर किंवा सुका मेवा मिसळलेला असतो. पाकिटावर ॲलर्जीकारक घटक लिहिणे बंधनकारक आहे, ते दर वेळी वाचा, कारण त्याच पाकिटातले मिश्रण पुढे बदलूही शकते. त्यानंतर मुगाची मऊ खिचडी, लाल भोपळा, रताळे, गाजर, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी वरणाच्या पाण्यात कुस्करून, असे पुढे जाता येईल. नवा पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे काही झालेच तर दवाखाने उघडे असतात. पहिल्या दिवशी चमच्याचे टोक, मग थोडे जास्त, आणि दोन-तीन दिवसांनी पुढचा पदार्थ. ताप, लस किंवा इसब भडकलेले असेल, त्या दिवशी नवे काही देऊ नये. साजूक तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो, म्हणून सध्या खिचडीवर तेल घाला. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह कमी पडू लागते, त्यामुळे डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळा आणि लोहाच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा.

दुधाऐवजी शेळीचे किंवा म्हशीचे दूध द्या, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो मानू नका. या दुधांची प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईचे दूध न चालणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचे दूधही चालत नाही. अंगावरचे कमी पडू लागले, तर दुधाची प्रथिने पूर्ण तोडलेली खास पावडर डॉक्टर लिहून देतात.

आता शेंगदाणे. पूर्वी ते दोन-तीन वर्षे लांब ठेवायला सांगत असत. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, लंडनमधल्या एका अभ्यासाने हा विचार बदलला. त्यात 4 ते 11 महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळे होती. निम्म्यांना आठवड्याला 6 ग्रॅम शेंगदाणा-प्रथिने, म्हणजे साधारण 24 ग्रॅम दाणे, तीन किंवा अधिक वेळांत विभागून दिली आणि उरलेल्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाण्यापासून दूर ठेवले. सुरुवातीला चाचणीत गांध न आलेल्या मुलांपैकी, न खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी 13.7 टक्क्यांना ॲलर्जी होती आणि खाणाऱ्यांत 1.9 टक्क्यांना. तुमच्या मुलीसारखी लहान गांध आलेल्यांत हे आकडे 35.3 आणि 10.6 असे होते. म्हणून शेंगदाणे लांब ठेवण्यापेक्षा ते लवकर देणे तिच्या हिताचे असण्याची शक्यता जास्त आहे. मात्र पहिला घास घरी द्यायचा नाही. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दवाखान्यात द्यायचा. तो पचला, तर पुढे घरी बारीक वाटलेला कूट पेजेत पूर्ण मिसळून आठवड्यातून तीनदा द्यावा आणि त्यात खंड पाडू नये. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो, म्हणून पाच वर्षांपर्यंत तो हातात देऊ नये.

अंड्याचेही असेच. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, जपानमधल्या अभ्यासात इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची अगदी थोडी भुकटी दिली. वर्षाच्या वयाला त्यांपैकी 8 टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी 38 टक्क्यांना अंड्याची ॲलर्जी होती. त्या बाळांचे इसब औषधांनी आधी आटोक्यात आणून तसेच ठेवले होते, हे विसरू नका. तुमच्या मुलीची अंड्याची गांध मोठी आहे, म्हणून तिला ते चालेल की नाही हे तज्ज्ञच ठरवतील. पण चाचणीतली गांध म्हणजे ॲलर्जीच, असे नसते. खाल्ल्यावर काय होते, त्यावर ते ठरते.

खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत गांधी, सूज किंवा उलटी आली, तर ती तातडीची ॲलर्जी समजावी. श्वासाला घरघर लागली, आवाज बसला, बाळ फिके पडून मलूल झाले, तर क्षणही न घालवता 108 ला फोन करावा. अशा वेळी मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच खरा उपाय असतो. घरातले ॲलर्जीचे सिरप पाजून वाट पाहत बसू नये.

उत्तर 3 (एक आजी, पूर्व भाग)

मुली, तुझ्या सासूबाईंच्या वयाची मी आहे, म्हणून स्वयंपाकघराचे तेवढे सांगते. माझ्या नातीला गहू चालत नव्हता. आम्ही तिला ज्वारीची भाकरी देत होतो, तरी अंगावर गांधी उठत. शेवटी लक्षात आले, की गिरणीत गव्हाच्या मागोमाग आमची ज्वारी पडत होती आणि घरी भाकरी त्याच परातीत थापली जात होती. मग मी गिरणीवाल्याला सांगून सकाळचा पहिला घाणा ज्वारीचा घेऊ लागले, आणि त्यातले पहिले दोन मुठी पीठही मोठ्या माणसांच्या डब्यात टाकत असे. तुमच्याकडे दुधाचे पातेले आणि बाळाच्या पेजेचे पातेले, दोन्हींचे चमचेही वेगळे ठेवा.

बाळगुटी अजून देत असाल तर थांबवा. सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड, खारीक आणि बदाम असे सगळे एकाच वेळी उगाळतो, मग पुरळ उठले तर कशाने उठले ते देवालाही कळायचे नाही. शिवाय बदाम हे ॲलर्जीचे मोठे कारण आहे. मधाचे चाटणही वर्षाच्या आत नको.

आणि चटणीबद्दल. कुटताना तेल सुटलेला कूट हाताच्या रेषांत आणि नखांत भरून राहतो, पदराला लागतो. त्याच हाताने आपण बाळाचा गाल कुरवाळतो. चटणी बंद करायला मी सांगत नाही. ती कुटली की हात साबणाने चांगले धुवावेत, लुगडे बदलावे आणि मगच बाळाला घ्यावे. तुझ्या सासूबाईंना हे तू सांगू नकोस, मी सांगितले म्हणून वाचून दाखव.

प्रश्नकर्तीचे पुढचे लेखन, बारा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. आजी, तुमचे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवले. रविवारी चटणी झाल्यावर त्यांनी आपणहून हात धुतले आणि लुगडे बदलून नातीला मांडीवर घेतले. मानेला जंतुसंसर्गच होता. औषध आणि मलम सुरू केल्यापासून ओल थांबली आहे आणि गेल्या चार रात्रींत अभ्र्यावर रक्त दिसलेले नाही. मी व्यवस्थित जेवते आहे. नाचणीची पेज, खिचडी आणि भोपळा तिला चालला. काल टोमॅटो घातलेले वरण दिल्यावर मात्र तोंडाभोवती लाली आली आणि अर्ध्या तासात ती गेली. गांधी किंवा उलटी नव्हती. टोमॅटोही बंद करावा का?

उत्तर (आहारतज्ज्ञ, सोलापूर)

तुमच्या वर्णनावरून ही ॲलर्जी वाटत नाही. टोमॅटो, चिंच आणि आंबट फळे यांचा रस इसबाच्या त्वचेला नुसता लागला तरी चुरचुरून लाली येते. पुढच्या वेळी भरवण्याआधी ओठांभोवती आणि हनुवटीवर पेट्रोलियम जेलीचा थर द्या, वरण चमच्याने आत सोडा आणि सांडलेले लगेच टिपून घ्या. तरीही लाली आली, तर तिचा फोटो काढा, कोणत्या वेळी काय आणि किती दिले होते ते त्याखाली लिहा आणि शेंगदाण्याच्या पहिल्या घासाला दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांना दाखवा. त्या दिवशी घरचाच कूट नेणार असाल, तर तो तीळ-खोबरे न घातलेला, नुसत्या भाजलेल्या दाण्यांचा असावा.